सासुरवाडीच्या उतारावर अडलेली गाडी

गाडीची पूजा करताना नारळ चाकापुढे ठेवलेल्या दगडावर वाढवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तो बंपरवर मारला. पूर्ण ताकदीने. नारळ शाबूत राहिला आणि बंपर वाकला.

गाडी नवीन म्हणजे मला नवीन. बिरवाडीला एका कारखान्यातले साहेब गुजरातेत बदलून चालले होते, त्यांच्याकडून घेतलेली. पांढरी, चार दारांची, त्यातली तीन उघडणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांचा काही दोष नाही. "एकदम कंडिशनमध्ये आहे," असं साहेब म्हणाले होते आणि मला गाडीतलं तेवढंच कळत होतं जेवढं साहेबांनी सांगितलं. वाकलेल्या बंपरकडे आणि न फुटलेल्या नारळाकडे आळीपाळीने बघून माझी बायको मालती तेव्हा म्हणाली होती, "राहू दे. मी याच्या वड्या करते."

हे आधी सांगण्याचं कारण एवढंच, की देवाधर्माच्या बाबतीत माझा हात किती बसलेला आहे ते तुमच्या लक्षात यावं. महाडच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसेनासं झालेलं पुन्हा दिसायला लावायचं, यावर माझं घर चालतं. त्यामुळे जे कुठल्याच नंबरच्या काचेतून दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे धंद्याशी बेइमानी, असं मी चारचौघांत मोठ्या रुबाबात सांगायचो. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर हसत हसतच वाचले... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. हसा. तुमची पाळी आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. माझी सासुरवाडी पोलादपूरच्या पलीकडे. महाडहून गोवा हायवेने पोलादपूरला यायचं, तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचं आणि आंबेनळीचा घाट सुरू व्हायच्या बराच आधी उजव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जातो, त्याने जायचं. गावाचं नाव लिहीत नाही. सासुरवाडीशी माझे संबंध अजून चांगले आहेत. घर थोडं उंचावर. अंगणातून खालच्या रस्त्यापर्यंत लाल मातीची उताराची वाट, दोन्ही बाजूंना दगडांचा गडगा. गाडी जेमतेम मावेल एवढीच रुंदी. हा उतार लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच घडणार आहे.

घरात मालतीचा थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याची बायको म्हणजे वहिनी आणि दादाचे चुलते तात्या. सासूबाई आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. वर्षभर सणवार नव्हते, त्यामुळे ही नागपंचमी म्हणजे आई नसलेल्या माहेरी मालतीचा पहिला सण.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. बाई कमी बोलायच्या. एकदा मी त्यांना स्कूटरवरून महाडला घेऊन येणार होतो. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर स्कूटर चालू करून मी विचारलं, "बसलात का?" त्या पदर खोचत होत्या. मी त्यांच्या न बोलण्याचा अर्थ "हो" असा घेतला आणि निघालो. मागून कोणीतरी ओरडलंसुद्धा, "ओ पावणं, म्हातारी ऱ्हायली!" पण ते दुसऱ्या कोणाबद्दल असेल असं मला वाटलं. हायवेने निम्म्या वाटेपर्यंत मी त्यांच्याशी भाताचं पीक, मालतीचा स्वभाव वगैरे विषयांवर मनमोकळं बोललो. परत फिरून आलो तेव्हा त्या स्टँडवर तशाच उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि बसल्या. नंतरही कधी तो विषय काढला नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं...

तर नागपंचमी. सकाळभर झिमझिम चालली होती, आम्ही पोचलो तेव्हा थांबली. गाडी चढवून अंगणात नेली, आठ-दहा जणांच्या आठ-दहा दिशांच्या सूचनांवर ती वळवली आणि उताराच्या तोंडाशी, नाक रस्त्याकडे करून लावली. म्हणजे निघताना त्रास नको. आमचा हँडब्रेक नावालाच होता, ओढला की कडी निघाल्यासारखा सैल वर यायचा आणि काहीच धरायचा नाही. म्हणून मी नेहमीप्रमाणे गाडी गिअरमध्ये टाकली आणि पुढच्या चाकाला एक चांगला गोटा लावला.

आमच्याकडे नागपंचमीला काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमिनीत काही खुपसत नाहीत. त्यामुळे जेवण वाफेवरचं आणि भिजवलेलं. वालाचं बिरडं, भात आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. वहिनींच्या हाताला सासूबाईंची चव नव्हती, पण त्यांची स्वतःची होती. मी चौथी पातोळी सोलत होतो आणि मागच्या पडवीत पाटावर ओटीचं तबक तयार दिसत होतं. दरवर्षीची रीत अशी, की जेवणं झाली की सासूबाई मालतीची ओटी भरायच्या आणि मग माळ्यावरची मोठी चिनी मातीची बरणी काढून तिच्यातलं कैरीचं लोणचं डब्यात भरून द्यायच्या. यंदा ओटी वहिनी भरणार होत्या.

मालती हात धुवायला मोरीवर गेली. आणि मग मोरीवरून काहीच आवाज येईना. बायकोचा आवाज न येणं हे कशाचं लक्षण असतं ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

"वहिनी," शेवटी आवाज आला, "ही आईची बरणी ना?"

"होय वन्स."

"हिच्यात कपड्यांची पावडर आहे."

"होय. तडा गेलाय तिला. लोणचा ऱ्हात नाय आता."

"म्हणून पावडर?"

वहिनी घाबरल्या होत्या. घाबरलेला माणूस खरं बोलतो. त्या म्हणाल्या, "पावडर ऱ्हाते."

यानंतर जे झालं ते सगळं मी लिहीत नाही. सारांश असा, की आई जाऊन वर्ष होतंय न होतंय तर तिला मोरीत नेऊन ठेवली, असं मालतीचं म्हणणं. दादा मध्ये पडला, "अगो माले, बरणी ठेवलीय मोरीत. आईला नाय." हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. "तू गप्प बस दादा! तुझ्या डोळ्यांदेखत ठेवली आणि तू रोज तिथे आंघोळ करतोस!" मालती बाहेर आली, ओटीच्या तबकाला वळसा घालून, पाटाला पदरही लागणार नाही अशी पुढे गेली आणि मला म्हणाली, "अहो, उठा. या घरात मी परत पाऊल टाकणार नाही."

वाचकांना वाटेल, बाईमाणूस रागात बोललं. पण माझ्या बायकोला तुम्ही ओळखत नाही. महाडला आमच्या शेजारणीने एकदा न विचारता आमच्या कढीपत्त्याच्या झाडाला हात लावला. दोन घरांत एकच भिंत आहे, आणि मालती तिच्याशी आजतागायत बोललेली नाही. शेजारीण काय, दुसरी मिळते. पण दादा एकटाच भाऊ, आई-वडील दोघे गेलेले. ही बाई आज या उतारावरून खाली गेली की तिचं माहेर संपलं, हे मला कळत होतं, दादाला कळत होतं, आणि ओसरीवर बसलेल्या तात्यांना तर सगळ्यात आधी कळलं होतं.

"माले," तात्या म्हणाले, "ओटी घेतल्याबगर या घरची लेक उतार उतरली नाय कधी."

"आता उतरेल," मालती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. दार इतक्या जोरात लावलं, की न उघडणारं चौथं दार आपोआप उघडलं. ते मी ढकलून परत लावलं.

मी गाडी चालू केली. पहिला गिअर, क्लच सोडला... गाडी थरथरली आणि बंद पडली. चुकलं काय ते लक्षात आलं. चाकाचा दगड तसाच! मी खाली उतरलो, सगळ्यांकडे बघून हसलो, कोणी हसलं नाही. दगड बाजूला केला. परत चालू केली. इंजिन गुरगुरलं, गाडीचं बूड खाली बसलं, पण जागची हलेना. समोर उतार. न्यूट्रल केली, तरी नाही. उतारावर, न्यूट्रलमध्ये, बिनहँडब्रेकची गाडी... एक बोटभर पुढे सरकेना.

"ब्रेक चिकटला असणार," मी आत्मविश्वासाने म्हणालो. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. पावसाळ्यात गाडी तासन् तास उभी राहिली की ब्रेक आतून गंजून धरतात म्हणे.

शेजारपाजारचे लोक जमले. नागपंचमीला शेतात काम नसतं, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. सगळ्यांनी मागून जोर लावला. गाडी कशीबशी हातभर पुढे घसरली, पण मागची दोन्ही चाकं फिरलीच नाहीत. ओल्या मातीत दोन सरळ रेघा उठल्या, नांगराच्या फाळासारख्या.

तात्यांनी त्या रेघा बघून डोक्याला हात लावला. "आजच्या दिवशी जमीन नांगरलात, जावयबापू."

दादा पोतं अंथरून गाडीखाली शिरला. मी खाली वाकून विचारलं, "काय दिसतंय?"

"काय नाय," दादा कुजबुजला. "हितं बरा वाटताय. वर दोघीपण हायत."

मग तो मोठ्याने म्हणाला, "हातोडा हाणला की सुटंल! मागल्या चाकाच्या डब्यावर दोन दणके दिले की झाला!"

"हातोडा?" तात्या उठून उभे राहिले. "पंचमी हाय आज! लोखंडाचा घाव घालायचा नाय आज कशावर. आन् चाकाच्या आत गारव्याला कोण येऊन बसलाय ते बघितलाव काय तुमी?"

"कोण बसणार?" मी विचारलं.

नागपंचमीच्या दिवशी ते नाव काढायला नको म्हणून तात्यांनी हाताचा फणा करून दाखवला. गाडीला रेललेले सगळे जण एकदम सरळ झाले आणि दोन पावलं मागे गेले. दादा गाडीखालून ज्या वेगाने बाहेर आला तो वेग मी त्याच्यात ना आधी पाहिला ना नंतर. मीसुद्धा बॉनेटवर चढून बसलो, पण ते वरून नीट दिसावं म्हणून.

तात्यांनी मग माझी उलटतपासणी सुरू केली.

"गाडीची पूजा केलीत?"

"केली."

"नारळ वाढवलात?"

"वाढवला... म्हणजे प्रयत्न केला."

"फुटला?"

"बंपर वाकला."

तात्यांनी वाकलेल्या बंपरकडे बघितलं. "मग त्या नारळाचा केलात काय?"

मी बंपर पुसायला लागलो. गाडीच्या आतून मालतीचा आवाज आला, "वड्या."

तात्या मटकन खाली बसले. "गाडीचा नारळ खाल्लात," ते म्हणाले, आणि जमलेल्या लोकांत एक हुंकार फिरला. त्यांच्या दृष्टीने केसचा निकाल लागला होता.

दादाला तेवढ्यात आठवलं, अडकलेली गाडी जरा मागे घेतली की कधी कधी सुटते. "भावोजी, मागं घ्या जराशी."

मागे म्हणजे चढ. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडायला लागलो, अजून ॲक्सिलरेटर दाबलाही नव्हता... आणि गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी मागे गेली. वर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिला गिअर टाकला. पुढे... घट्ट. रेघा. परत रिव्हर्स. सुळकन वर. परत पुढे. घट्ट. असं किती वेळा केलं आठवत नाही. दर वेळी पुढे काही नाही आणि मागे हातभर.

"अहो," मालती मागच्या सीटवरून म्हणाली. तिने हाताची घडी घातली होती आणि नजर समोरच्या रस्त्यावर रोखली होती, तो रस्ता हळूहळू तिच्यापासून लांब चालला होता. "तुम्ही मला कुठे नेताय?"

"मी नेत नाहीये."

"मग कोण नेतंय?"

मी आरशात बघितलं. अंगण मागून जवळ येत होतं. शेवटी मी ठरवलं, आता बस्स, हा खेळ बंद. पाय काढले, गिअर काढला, इंजिन बंद केलं. आता गाडी चढावर न्यूट्रलमध्ये उभी. शहाण्या गाडीने खाली यायला हवं होतं. ती आणखी थोडी मागे सरकली. देवाशपथ... म्हणजे माझी शपथ घ्या, देवाची कशाला. इंजिन बंद असताना ती दमलेल्या म्हशीसारखी सावकाश मागे सरकली आणि अंगणात, बरोबर ओसरीच्या पायऱ्यांसमोर थांबली. मालतीची खिडकी पायरीच्या समोर. पायरीवर ओटीचं तबक हातात घेऊन वहिनी.

लोक टाळ्या वाजवायचे थांबले होते.

"वन्स," वहिनी म्हणाल्या. "मी पाडली."

मालती समोरच बघत होती.

"सासूबाई गेल्यावर मी माळा आवरायला घेतला. बरणी धुवायला खाली आणली, हातातना निसटली. तडा गेला. तुमाला कसा सांगणार? दर महिन्याला ह्यांना सांगायची, वन्सना कळवा, वन्सना कळवा. हे कळवलेच नाय."

दादा परत गाडीखाली जायच्या तयारीत होता.

"मग टाकून द्यायचीत," मालती म्हणाली. अजून समोर बघतच.

"कशी टाकू?" वहिनींचा आवाज चढला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई माझ्या बायकोला भारी पडेल. "लग्न होऊन आले तवापासना त्यांच्या हाताखाली दरसाल त्या बरणीत लोणचा भरलाय मी! तुमी वर्षातना एकदा डबा घेऊन जायचात. मी रोज बघायची तिला. माळ्यावर ठेवली तर तिच्याकडे जायला काय कारण उरला नाय. मोरीत ठेवली तर दिवसातना एकदा हात तरी लागतो."

मालतीने दार उघडायचा प्रयत्न केला. ते न उघडणारं दार होतं. ती सीटवरून सरकत सरकत पलीकडे गेली, दुसऱ्या दाराने उतरली, गाडीला पूर्ण वळसा घालून आली आणि पायऱ्या चढून आत गेली. चपला गाडीतच राहिल्या होत्या. मघाशी परत न टाकायचं म्हणालेलं पाऊल तिने चिखलाने माखलेलं तसंच घरात टाकलं. वहिनी मागोमाग गेल्या.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, दोघींनी आजवर सांगितलेलं नाही. एकदा मोठ्याने रडल्याचा आवाज आला, एकदा भांडल्याचा आणि मग हसल्याचा. तिन्ही आवाज दोघींचे. मोरीवर बरणी धुतल्याचा आवाज आला. "मीठ भरा तिच्यात," मालती म्हणत होती, "खडेमीठ राहील. पण माळ्यावर नको, चुलीजवळ ठेवा." आम्ही पुरुष मंडळी बाहेर गाडीभोवती गंभीर चेहरे करून उभे होतो, जसं काही दुरुस्ती आम्हीच करत होतो.

मग ओटी झाली. पाट, तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतसर. वहिनींनी लोणचंही दिलं, यंदा त्यांनी स्वतः घातलेलं, प्लॅस्टिकच्या डब्यातलं. ऊन खाली उतरलं होतं. मालती भरल्या ओटीने बाहेर आली, दोन्ही हातांनी पदर सांभाळत, आणि यावेळी उघडणाऱ्या दाराने आत बसली. मी तात्यांच्या पाया पडायला वाकलो. तात्या सांगत होते, "पोलादपुरात उतरा, एक नारळ घ्या, आन् यावेळी दगडावर—"

तेवढ्यात लोक ओरडले.

मी मान वर केली. गाडी चालली होती. इंजिन बंद, चालक म्हणजे मी इकडे तात्यांच्या पायाशी, आणि गाडी अंगणातून निघून, मघाच्या रेघांवरून, गडग्याला कुठेही न घासता, उतारावरून सावकाश खाली निघाली होती. मागच्या काचेतून मालतीचं शांत डोकं दिसत होतं.

"जावयबापू!" तात्या ओरडले. "ऱ्हायलात!"

मी धावलो. एक चप्पल अंगणात, दुसरी उतारावर. माझ्यासारख्या जड माणसाने चिखलाच्या उतारावरून धावणं म्हणजे काय असतं ते त्या गावाने बघितलं आणि अजून ते विसरलेलं नाही. गाडी माझ्यापुढे तेवढ्याच अंतरावर, मी जवळ आलो की जरा पुढे. खाली रस्त्याला मिळण्याच्या जरा आधी ती थांबली. एसटी स्टॉपवर थांबते तशी. तिथेही उतारच आहे, नंतर मी मुद्दाम जाऊन पाहिला. मी धापा टाकत खिडकीशी पोचलो.

मालतीने काच खाली केली. "या," ती म्हणाली, "बसा."

मी तिला विचारलं, तू कशाला हात लावलास का. ती म्हणाली, दोन्ही हातांनी ओटी धरली होती. परतताना गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरून जाताना मला ती स्कूटर आठवली आणि मालती मागे बसली आहे ना, ते मी आरशात बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी महाडच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. म्हटलं, मागचे ब्रेक चिकटतात, बघा जरा. गॅरेजवाला हसला. "पावसाळ्यात होतं तसं. आतली पट्टी गंजते, ड्रमला धरते. काही भुताटकी नाही." मला इतकं बरं वाटलं! त्याने मागचं एक चाक काढलं, ड्रम खोलला, आणि आत बघतच राहिला. मग दुसरं चाक काढलं. मग मला हाक मारली.

आत काहीच नव्हतं. ज्या पट्ट्या गंजून धरतात त्या पट्ट्याच नव्हत्या. स्प्रिंग नाही, काही नाही. तेलाची नळी कोणीतरी केव्हाच ठोकून बंद केलेली. हँडब्रेकची केबल कापून टाकलेली. साहेबांच्या आधीच्या मालकाने की त्याच्याही आधीच्याने, देव जाणे. दोन रिकामे डबे फिरत होते.

"काका," गॅरेजवाला म्हणाला, "हिला मागे ब्रेकच नाहीत. चिकटलं काय मग?"

मी म्हटलं, तूच सांग. त्याने बेअरिंग बघितलं, एक्सल बघितला, हाताने चाक फिरवून बघितलं. दोन्ही दिशांना ते भिंगरीसारखं फिरत होतं. तो बराच वेळ फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "गाडी विकताना हे कोणाला सांगू नका."

यावर मी खूप विचार केला आहे. चिखल रुतला असेल म्हणावं, तर मागे कशी गेली? गिअरबॉक्स अडकला असेल, तर न्यूट्रलमध्ये चढ कशी चढली? चढ नव्हताच, माझ्या डोळ्यांचा दोष, असं माझा एक गिऱ्हाईक मित्र म्हणाला. त्याला मी आठवण करून दिली की त्याचे डोळे मीच तपासतो. थोडक्यात, माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त त्यात चिकटलेल्या पट्ट्या नसाव्यात.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मालतीला सगळं सांगितलं. रिकामे डबे, कापलेली केबल, सगळं. ती वहिनींचं लोणचं छोट्या बरणीत काढत होती. हातातला चमचा थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "मागचे ब्रेकच नसलेल्या गाडीतून तुम्ही मला माहेरी नेऊन आणलंत?"

"अगं मुद्दा तो नाही! मुद्दा असा, की नसलेले ब्रेक लागले कसे? मला तर वाटतं..." माझा आवाज मलाच चोरटा वाटला, "तुझं आणि वहिनींचं मिटावं म्हणून आईंनीच..."

"भांडणासाठी?" मालतीने बोट चाटलं आणि जरा मीठ कमी आहे अशी मान हलवली. "आमची भांडणं आई असताना रोज व्हायची. तिनं कधी कोणाला अडवलं नाही. सकाळी तुम्हाला गाडी चढवताना बघितलं असेल तिनं. म्हणून धरून ठेवली."

"मग संध्याकाळी सोडली कशी?"

तिने बरणीचं झाकण लावलं.

"तेव्हा ओटी भरली होती ना," ती म्हणाली.